वॉटसन हॉटेल पाडावं का वाचवावं?

औरंगपुरेकर:
मुंबईत काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. 1860 च्या दशकात त्याचा ओतीव लोखंडाचा सगळा सांगाडा इंग्लंडात तयार करून जहाजानं आणला आन इथं जोडला. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा देशात पहिल्यांदा दाखवला तो इथंच. 2019 ला आयआयटी मुंबईनं पाडायचा सल्ला दिला, तो मला अजिबात पटत नाही. आपल्या औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, त्यातले किती उरलेत बघा जरा.

उमरगा_तालुका:
दादा, तुमची तळमळ कळते, पण 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीकडं दगडमातीच्या भिंतींखाली लोकं झोपेतच गेली, आमच्या भागात जुनी भिंत दिसली की आधी तेच आठवतं. वॉटसनचाही काही भाग 2005 ला रस्त्यावर कोसळला, एक जण गेला. जवळच सेशन्स कोर्ट, दिवसभर माणसांची वर्दळ. इतिहासापेक्षा जीव मोठा, पाडा.

नांदेडची_सिव्हिलवाली:
किल्लारीची तुलना इथं लागू होत नाही भाऊ. तिथं बऱ्याच घरांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींवर माळवदाचं, म्हणजे मातीच्या जड छताचं, ओझं होतं, हादरा बसला की भिंत फुगून छतासकट खाली. इथं वजन पेलतात लोखंडी खांब आन तुळया, विटा नुसत्या मधे भरलेल्या. मूळ खोल्यांच्या नंतर चिल्लर ऑफिसं केली, पार्टिशनं टाकली, पाणी मुरत राहिलं, ते जास्तीचं काढून सांगाडा तपासता येतो.

उमरगा_तालुका:
ताई, ओतीव लोखंड दाब सोसतं पण ओढ पडली की न वाकता एकदम तडकतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. आतून किती गंजलंय ते उघडल्याशिवाय कसं कळणार?

नांदेडची_सिव्हिलवाली:
तेच तर म्हणायलेय, उघडून बघा ना. इमारत रिकामी केलेलीच आहे, टेकू लावा, एकेक मजला मोकळा करा, जो खांब गेलाय तो बदला. मुळात हे सुटे भाग जोडूनच उभं केलंय, आरसीसीत, म्हणजे सळ्या घालून ओतलेल्या काँक्रीटमधी, असं जमत नाही.

लातूरकर_वकील:
दोघंही इंजिनिअरिंगवर भांडायलात, खरं दुखणं भाड्याचं आहे. पागडीच्या जागा, म्हणजे सुरवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्यानं घेतलेल्या, भाडं जुन्या काळातलं, त्यात मालक गिलावा तरी कशाला करील? भाडेकरू म्हणतो जागा माझी नाही, मी का खर्चू. असं वर्षानुवर्षं चाललं की कितीबी मजबूत इमारत सडती. माझं मत वाचवावी असंच आहे, पण आधी पैसा कुणाचा ते लिहून घ्या.

उमरगा_तालुका:
सरकारचा असेल तर माझा विरोध कायम. तेवढ्या पैशात आमच्याकडच्या गळक्या झेडपी शाळांना स्लॅब पडंल.