बागेतून सायकलचा रस्ता: तुमच्यावर काय बेतलं ते लिहा

बडोदेकर मंडळी, आमच्या घरामागच्या बागेतून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी मिळून एकच रस्ता काढायचं घाटतंय. शाळेकडच्या फाटकातून आत, नदीकडच्या फाटकातून बाहेर. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी बागेत शिरलं, गाळ बसला, गट्टू उखडले. आता दुरुस्ती करायचीच आहे तर त्यातच हेही उरकून घेऊ, असं आम्हाला सांगण्यात आलं. बागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे बेत एकाच बागेपुरते राहत नाहीत.

विरोधाच्या सह्या गोळा करणाऱ्यांत मी आहे, हे आधीच सांगते. वहीची अकरा पानं भरली. कारण घरातलं आहे. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या. मागच्या महिन्यात संध्याकाळी त्यांचा हात धरून चालत होते. मागून एक मुलगा आला. ‘बा, जरा साईडमां’ म्हणाला, वेडंवाकडं काही बोलला नाही. पण त्याच्या हँडलमध्ये सासूबाईंच्या पदराचं टोक अडकलं. त्या पडल्या नाहीत, बाकडं धरून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून बागेत येत नाहीत. गॅलरीत येरझारा घालतात. नऊ पावलं जायची, नऊ यायची.

तुम्ही चालत असा, सायकल चालवत असा, विरोधात असा की बाजूने, स्वतःवर बेतलेलं लिहा. बातम्यांची कात्रणं नकोत.

*

वाडीहून, निवृत्त

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लोक म्हणतात, सायकलवाल्याने घंटी वाजवली की झालं. घंटी मला ऐकू येते हो, पण कुठून आली ते कळत नाही. एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाजाची दिशा लागत नाही. म्हणजे घंटी वाजली की मी जागच्या जागी थबकतो आणि मागे वळून पाहतो. वळताना माझा उजवा पाय आपोआप बाहेर पडतो, आणि नेमका तिकडूनच सायकलवाला निघालेला असतो. दोनदा झालंय. एकदा तो पोरगाच पडला, गुडघा फुटला बिचाऱ्याचा. मी त्याला नळावर नेऊन धुऊन दिला. तो ‘काका, सॉरी’ म्हणत होता आणि मी त्याला सॉरी म्हणत होतो. चूक त्याचीही नव्हती आणि माझीही नव्हती. त्या रस्त्यावर दोघांना पुरेल एवढी जागाच नव्हती.

मी सायकलीचा वैरी नाही. लहानपणी वडिलांच्या सायकलीच्या दांड्यावर बसून कमाटीबागेत जायचो, म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा बघायला. दांडा मांडीला रुतायचा, तरी उतरावंसं वाटायचं नाही. पण वडील फाटकाशी सायकल लावायचे, कुलूप घालायचे आणि आत आम्ही पायी. कमाटीबाग १८७९ ची, सयाजीराव महाराजांनी केलेली, शंभर एकरांहून मोठी. एवढी जागा असून वडील उतरायचे. आमची गल्लीतली बाग तर एका फेरीला चार मिनिटं लागतील एवढीच.

*

मांजलपूर

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. तो सरळ रेषेत चालत नाही, कबुतर दिसलं की धावतो. जिथे मला त्याचं बोट सोडता येतं अशी ही एकच जागा आहे. माझी सही धरा.

*

अकोटा, पोळ्यांच्या कामाला जाते (मुलगी लिहून देतेय)

ताई, तुमच्या वहीवर मी सही केली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नुसती हसले. आज खरं सांगते.

मी चौदा वर्षं सायकलवरून घरोघरी पोळ्यांना जाते. सकाळी सहाला पहिलं घर, अकराला शेवटचं. बागेतून गेलं तर सात मिनिटं वाचतात. पण मी सात मिनिटांसाठी बागेतून जात नाही. बाहेर पुलाकडच्या वळणावर मला दोन वर्षांपूर्वी एका टेम्पोने घासून नेलं. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. हात मोडल्यावर पोळ्या कशा लाटणार? तेव्हा पाच घरं होती, त्यातली दोन सुटली, ती परत मिळाली नाहीत. अजून पावसाळ्यात कणीक मळताना मनगट ठणकतं, मग मी डाव्या हाताच्या मुठीने दाबते. तेव्हापासून बागेतून जाते. आत शिरले की आजीआजोबा दिसले तर उतरते आणि सायकल हातात धरून चालते. सगळेच उतरत नाहीत, तेही मला माहीत आहे.

तुमच्यातल्या दोघीतिघींच्याच घरी मी पोळ्या करते. त्या मला म्हणतात, अगं तुझ्याबद्दल नाही, त्या पोरांबद्दल आहे. पण फाटक बंद झालं तर ते माझ्यासाठीही बंद होणार ना. बाहेरच्या रस्त्यावर मला कडेला दोन हात जागा द्या, मी तुमच्या बागेत पाऊल टाकणार नाही.

*

फतेहगंज, विद्यार्थी

मी बैठकीला गेलो होतो, सायकलच्या बाजूने बोलायला. मला बोलूच दिलं नाही. एक काका म्हणाले, तुम्हाला फॅशन करायची आहे, हेल्मेट घालून. मी रोज सायकलने विद्यापीठात जातो कारण वडिलांची एकच स्कूटर आहे आणि ती त्यांना लागते. हे सांगायला मी उठलो होतो आणि खाली बसलो. त्याचा राग अजून गेलेला नाही.

वरची पोळ्यांच्या मावशींची पोस्ट वाचून एवढं लिहावंसं वाटलं. बैठकीला त्या का नव्हत्या? सकाळी नऊला ठेवली होती, म्हणून.

*

मूळची रावपुऱ्याची, आता लंडनला

इकडे हा वाद जुनाच आहे. इथल्या मोठ्या बागांतून सायकलचे सामाईक रस्ते आहेत आणि पाट्या लावलेल्या असतात की पहिला मान चालणाऱ्याचा. मी दोन्ही केलंय. हाईड पार्कमधून तीन वर्षं सायकलने ऑफिसला गेले, आणि नंतर पोटात बाळ असताना तिथूनच चालत. सायकलवर असताना मला वाटायचं मी किती जपून चालवते. चालायला लागले तेव्हा कळलं की मला जे जपून वाटत होतं त्याने समोरच्याच्या छातीत धस्स होतं. माणूस ताशी ५ किलोमीटरने चालतो, निवांत सायकलसुद्धा १५ ने येते. म्हणजे तिप्पट वेग.

आणखी एक सांगण्यासारखं. सायकलमार्ग कसे बांधावेत याची इथल्या सरकारची मार्गदर्शिका २०२० ची आहे. सायकली वाढवा असं सांगण्यासाठीच ती काढली. तीच म्हणते की शहरात चालणाऱ्यांच्या रस्त्यावर सायकली घालणं हा शेवटचा उपाय समजा, आणि घालायच्याच तर कमी वर्दळीतसुद्धा रुंदी निदान ३ मीटर हवी. मला या वाक्याने फार धीर आला. सामाईक रस्त्याला नको म्हणणारा माणूस सायकलीला नको म्हणत असतोच असं नाही.

*

गोत्री, स्थापत्य अभियंता

३ मीटर वाचल्यावर राहवलं नाही, आज सकाळी टेप घेऊन गेलो. धागा काढणाऱ्या ताईंच्या बागेतला रस्ता मला माहीत आहे, कोपऱ्यावरच्या चहावाल्याने जागा दाखवली. कठड्यापासून कठड्यापर्यंत २.१ मीटर. बाकड्यांपाशी, लोक पाय पसरून बसतात तिथे, १.५. आपल्याकडे नुसत्या फुटपाथसाठी, रस्ते कसे बांधावेत याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. म्हणजे बाकड्यांपाशी तो रस्ता आज चालणाऱ्यांनाच अपुरा आहे.

रुंद करायचा म्हटलं तर एका बाजूला कडुनिंबांची रांग. खोडापासून हातभर अंतरावर खणून काँक्रीट ओतलं तर वरवरची मुळं तुटतात, पाणी मुरत नाही. झाड लगेच मरत नाही. दोनतीन वर्षांनी एखाद्या वादळी पावसात आडवं होतं आणि तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं. दुसऱ्या बाजूला तर नदीचा उतारच.

फिरतं फाटक बसवा म्हणणाऱ्यांना एक विनंती. सायकल अडवणारं फाटक व्हीलचेअरही अडवतं. माझी बहीण व्हीलचेअरवर आहे. एका बागेत आम्ही तिला फाटकावरून उचलून पलीकडे नेलं, ती तोंडावर रुमाल धरून रडत होती. कृपा करून ते मागू नका.

*

निझामपुरा

बाग बसायला असते, कुठून कुठे जायला नसते. यापलीकडे मला म्हणायचं नाही.

*

धागा काढणारी

सगळं वाचलं. पोळ्यांच्या बाईंची पोस्ट तीनदा वाचली, एकदा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘मग तिला रस्ता करून मागा की, नुसतं नको काय म्हणता.’

निवेदनात आतापर्यंत एकच ओळ होती, सायकलमार्ग रद्द करा. ती बदलते आहे. बागेतला रस्ता चालणाऱ्यांचाच राहावा, यावर मी ठाम आहे, वाडीच्या काकांची पोस्ट वाचून जास्तच. पण त्याच कागदावर दुसरी मागणी जाईल: शाळेपासून पुलाच्या पलीकडेपर्यंत रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळी पट्टी, मध्ये उंच कठडा घालून, म्हणजे तिथे गाड्या लागणार नाहीत. आणि ती होईपर्यंत बागेत सायकल हातात धरून नेणाऱ्याला कुणी अडवायचं नाही. फिरत्या फाटकाची मागणी त्यात घालायचं घाटत होतं, ती मी स्वतः खोडली.

अकरा पानं सह्या जुन्या मजकुरावर आहेत, त्या नव्याला चालणार नाहीत. पुन्हा दारोदार जावं लागेल, जाईन. फतेहगंजच्या मुलाने बरोबर यावं, बैठकीत त्याला बसवलं गेलं तेव्हा मीही तिथे गप्प बसले होते.

पुढची बैठक सकाळी नऊला नाही. रविवारी दुपारी ४ वाजता, नळाजवळच्या बाकड्यांपाशी. अकोट्याच्या ताई, तुमची कामं तोवर होतात का तेवढं कळवा, नाहीतर ५ ची ठेवू.