स्टुटगार्टला आधी एकट्याने जावं का?

नमस्कार मंडळी,
मी नागपूरचा, मिहानमध्ये कामाला आहे. जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी लागली, ब्लू कार्डचं (तिथे राहून नोकरी करायच्या परवान्याचं) चालू आहे. ही इथे शाळेत शिकवते. मी म्हणतो, आधी मी जाऊन बस्तान बसवतो, सहा महिन्यांनी तिला नेतो. माझं जर्मन भाषेचं ए-वन (पहिली पातळी) झालंय. अजून काय तयारी करू?

---

भाऊ,
सहा वर्षं तिथे काढून आता बजाजनगरात तर्री-पोहे खाऊन राहिलो, म्हणून बोलतो. सावजी मसाल्याची काळजी सोडा, तो डब्यात जातो. पहिले घरमालकाकडून राहत्या पत्त्याचं पत्र घ्या. त्याशिवाय पत्ता नोंदवता येत नाही, आणि नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते.

ऑफिसचं तुमचं जमेलच, काम ओळखीचं असते. 1991 मध्ये ब्लॅक, मेंडेनहॉल आणि ओडू या संशोधकांनी परदेशी रुळण्याबद्दल जे मांडलं, त्यात काम, रोजचं जगणं आणि तिथल्या लोकांशी उठबस हे तीन भाग वेगळे धरले होते. घरच्यांचं रुळणंही त्यांनी हिशेबात घेतलं होतं. आमच्या घरात तेच अडलं. नोव्हेंबरात साडेचारला अंधार. मी घरी आलो की दार पुरतं उघडायच्या आधीच ही बोलायला लागायची. दिवसभरात दुसरं माणूसच नव्हतं ना बाप्पा! त्यात तिचं माहेरचं आडनाव पत्रपेटीवर लावायचं मला सुचलं नाही. पेटीवर नाव नाही म्हणून तिची पत्रं परत गेली, अन् एक तारीख हुकली. त्या दिवशी ती रडली ते पत्रासाठी नव्हे.

पुढे फोल्क्सहोखशूलेच्या (मोठ्यांसाठीच्या शिक्षणकेंद्राच्या) जर्मन वर्गात एक तुर्की बाई भेटली. तिने कोथिंबिरीची जुडी कुठे मिळते ते दाखवलं. तिथून घर हललं.

म्हणून सहा महिन्यांचा बेत मला पटत नाही. तुम्ही तोवर पटाईत होऊन बसाल, अन् ती आल्यावर दूध आणायलाही तुम्हाला विचारेल. दोघं एकदमच अडाणी असलेले बरे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही, कामही करता येते. शाळेत शिकवायचं तर मात्र पदवीला तिथली मान्यता अन् चांगली भाषा लागते. ते तिला आत्ताच सांगा, तिथे गेल्यावर नको.

---

दादा,
रात्री हिला मेल वाचून दाखवला. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "पेटीवर माझं नाव वर राहील." आज बर्डीवर ए-वनच्या क्लासची चौकशी करून आली.