कॅनडातले झाडांचे सोहळे: वनखात्यातून निवृत्त झालेल्या बाबांना कुठे न्यावं?

कोयनाकाठ | ११ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. आई-बाबा मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुपर व्हिसावर (आई-वडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) आमच्याकडे टोरंटोजवळच्या मिल्टनला येताहेत, आता दसरा करूनच परततील. बाबा वनपाल म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बहुतेक वर्षं राधानगरी-दाजीपूरच्या रानात गेली. मागच्या खेपेला आम्ही त्यांना नायगारा, सीएन टॉवर, आउटलेट मॉल असं सगळं रीतसर दाखवलं. टॉवरवरून खाली बघत एवढंच म्हणाले, "तो हिरवा पट्टा कसला आहे?" त्यानंतर जेवणापर्यंत गप्प.

तर यंदा झाडांशी संबंधित काही हवंय. जत्रा असो, लागवड असो, काहीही. पण नुसतं लांबून बघण्यातलं नको. बाबांच्या हाताला माती लागली पाहिजे, किंवा निदान कुणी जाणकार त्यांच्याशी झाडांबद्दल बोललं पाहिजे. त्यांचं वय ७१, चालण्यात मला मागे टाकतात. आईचे गुडघे दुखतात, किलोमीटरभर सपाट चालू शकते. सोबत सहा वर्षांची लेक. गाडी आहे. अडीच तासांपर्यंतचं अंतर चालेल, एखादी लांबची सहलही जमवू.

मॅपलवाडी | ११ फेब्रुवारी

वेळ अगदी अचूक साधलीत. मार्च म्हणजे मॅपलचा हंगाम, आणि तुमच्या दाराशीच दोन जागा आहेत.

पहिली माउंट्सबर्ग. कॅम्पबेलव्हिलजवळ आहे, तुम्हाला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. तिथे शुगर मॅपलची राई आहे आणि रस आटवायचं छपरीवजा घर आहे. आईंना सांगा, हे इथलं गुऱ्हाळ. फरक एवढाच की उसाच्या रसात साखर भरपूर असते, मॅपलच्या रसात जेमतेम २ टक्के. त्यामुळे साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर सिरप हाती लागतं. काहिलीच्या जागी लांबट सपाट पत्र्याचं भांडं, खाली लाकडाचा जाळ, आणि वाफ अशी की समोरचा माणूस दिसत नाही. चव विचाराल तर आपल्या काकवीची चुलत बहीण. हंगामाच्या सुरुवातीचं सिरप सोनेरी आणि सौम्य असतं, शेवटाकडचं काळपट आणि कडक. काकवीवर वाढलेल्या माणसाने डोळे मिटून काळपट घ्यावं. पॅनकेक तुम्ही खा, मी घडीच्या पोळीशी खातो.

बाबा नक्की विचारतील की झाडाला भोक पाडल्यावर त्याचं काय होतं. माझ्या वडिलांनीही पहिला प्रश्न हाच विचारला होता. भोक चारेक सेंटिमीटर खोल असतं, झाड पुरेसं जाड झाल्याशिवाय पाडत नाहीत आणि दरवर्षी जागा बदलतात. जुनी जखम झाड स्वतःच बुजवतं. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असं असेल तरच रस वाहतो. एखाद्या वर्षी थंडी लवकर सरली की हंगामही आटोपतो, म्हणून एप्रिलवर ढकलू नका.

दुसरी जागा क्रॉफर्ड लेक, ही तर त्याहून जवळ. तिथे आदिवासी गावातली लांब घरं पुन्हा उभारलेली आहेत, आणि युरोपीय लोक यायच्या आधीपासून इथली मूळ माणसं मॅपलचा रस कसा वापरत आली ते मार्चमध्ये तिथे सांगतात. तळ्याभोवती लाकडी पायवाट आहे, आईंना जमेल. बाबांसाठी एक गोष्ट राखून ठेवा. तळ्याच्या तळाशी दर वर्षाचा गाळ वेगवेगळ्या थरात बसलाय, झाडाच्या वर्तुळांसारखा. त्या गाळात मक्याचे परागकण सापडले, म्हणजे जवळपास शेती होती, म्हणजे वस्ती होती. या धाग्यावरून पुढे ते जुनं गाव शोधून काढलं गेलं.

दोन्ही ठिकाणी वेळ आधी आरक्षित करावी लागते. मार्च ब्रेकच्या, म्हणजे शाळांच्या सुट्टीच्या, आठवड्यात जाऊ नका, अख्खा प्रांत मुलाबाळांसकट तिथे असतो.

सुगरण७२ | १२ फेब्रुवारी

एल्मायरा कसं विसरलात? १९६५ पासून तिथे मॅपल सिरपची जत्रा भरते, एकच दिवस. गावाचा मुख्य रस्ता बंद करून खाण्याची दुकानं लावतात आणि तिथून गाडीत बसवून राईत नेतात. तारीख दरवर्षी बदलते, मार्चअखेर किंवा एप्रिलची सुरुवात. सकाळी आठच्या आत पोचलात तर ठीक, नाहीतर आमच्यासारखे गाडी लावायच्या शोधात जत्रा संपवाल. बऱ्याचदा हे सगळं गुढीपाडव्याच्या आसपास येतं. आम्ही एका वर्षी कडुनिंबाच्या गोळीत गुळाऐवजी मॅपल सिरप घातलं होतं. सासूबाईंनी खाल्लं, पण पुढच्या वर्षी गूळ भारतातून घेऊन आल्या.

कोयनाकाठ | १२ फेब्रुवारी

मॅपलवाडी, गुऱ्हाळ म्हटलंत आणि काम झालं. आईचं माहेर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं. फोनवर तिला सांगितलं तर लगेच विचारते, चुलवणाला काय घालतात, चिपाडं तर नसणार! माउंट्सबर्ग आणि क्रॉफर्ड लेक नक्की. एल्मायराचं गर्दीमुळे आईचे गुडघे बघून ठरवते.

पण लागवडीचं कुणी सांगेल का? बाबांचा खरा जीव तिथे आहे.

पांथस्थ | १२ फेब्रुवारी

मी गेली सात-आठ वर्षं लागवडीला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे हे काम कन्झर्वेशन हॅल्टनकडे आहे, शेजारी मिसिसागा-ब्रॅम्प्टनला क्रेडिट व्हॅली कन्झर्वेशनकडे. या संस्थांची हद्द गावांवरून ठरत नाही, नदीच्या पाणलोटावरून ठरते. आपल्याकडे पाणलोट विकासाचं काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. १९५४ च्या ऑक्टोबरात हेझल नावाचं वादळ आलं, टोरंटोतल्या हंबर नदीला पूर आला आणि ओंटारियोत ८१ माणसं गेली. त्यानंतर नदीकाठच्या पूरक्षेत्रात घरं बांधू द्यायची नाहीत असं धोरण आलं आणि त्या जमिनी या संस्थांच्या ताब्यात येत गेल्या. आज टोरंटोत नदीकाठाने जी हिरवळ दिसते तिच्यातली बरीच त्या पुराची देणगी आहे. टॉवरवरून बाबांनी विचारलेला पट्टा बहुधा तोच!

लागवडीचे दिवस दोन हंगामात असतात: एप्रिलअखेर ते मे, आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्याकडे मृगाच्या पावसाची वाट बघतात, इथे बर्फ वितळून जमीन ओली झाली की, पानं फुटायच्या आत. जुलैत लावलेलं रोप उन्हाने जातं, बाबांना हे उलटं वाटेल. रोपं इथल्याच मातीतली असतात. व्हाइट सिडार, स्प्रूस, बर ओक, ओढ्याकाठी लाल काड्यांचं डॉगवुड. फावडी तेच देतात, गमबूट तुमचे. पैसे लागत नाहीत, पण नावनोंदणी लागते आणि शनिवारच्या जागा भराभर संपतात. त्यांच्या ईमेल यादीत आजच नाव घाला.

दोन सूचना. मे महिन्यात गवतात गोचीड असते आणि इथल्या गोचिडीने लाइम रोग होतो. पँट मोज्यात खोचायची, घरी आल्यावर अंगभर तपासायचं. बाबा म्हणतील दाजीपुरात जळवा अंगावर घेऊन फिरलोय, तरी ऐकू नका. आणि काळ्या माश्यांसाठी डोक्यावरची जाळी घ्या, डॉलर स्टोअरमध्ये मिळते.

बर्फातला_आंबा | १३ फेब्रुवारी

म्हणजे झाडं लावायची आपण, गमबूट आपले, आणि वर चढाओढ जागेसाठी. कॅनडा आवडतो तो यासाठीच.

एकतारा | १३ फेब्रुवारी

हाय पार्कचा चेरीचा बहर. १९५९ साली टोकियोच्या नागरिकांनी टोरंटोला २,००० चेरीची झाडं दिली, तिथून सुरुवात. एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला, आठवडाभर टिकतो. ऐन बहरात बागेत गाड्या सोडत नाहीत, हाय पार्क स्टेशनला सबवेने उतरा. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सातला गेलात तर झाडं दिसतील, एरवी फोन धरलेले हात. मातीत हात घालायला काही नाही, हे खरं.

सागरलाट | १४ फेब्रुवारी

व्हँकुव्हरहून. आमच्याकडे चेरीची ४०,००० वर झाडं, त्यामुळे एका बागेत गर्दी करावी लागत नाही, बहर गल्लीगल्लीतून फिरतो. मार्चअखेरपासूनच उत्सव असतो, त्यात हायकूची स्पर्धाही असते, जगभरातून कविता येतात. पण तुमच्या बाबांसाठी मी वेगळंच सुचवेन. लांबची सहल इकडे करणार असाल तर ऑगस्टच्या पहिल्या लाँग वीकएंडला स्क्वॉमिशला या. १९५७ पासून तिथे लाकूडतोड्यांचे खेळ होतात. उभ्या खांबावर चढणं, कुऱ्हाड फेकणं, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यावर दोघांनी पळत एकमेकाला पाडणं. झाडं तोडणाऱ्यांचा उत्सव वनपालाला दाखवावा का, हे तुम्ही ठरवा.

मॅपलवाडी | १४ फेब्रुवारी

त्यासाठी एवढं लांब कशाला? ओंटारियोतल्याच अल्गोन्क्विन वनउद्यानात जुलैत लॉगर्स डे (लाकूडतोड्यांचा दिवस) असतो, पूर्व दरवाज्याजवळच्या लॉगिंग संग्रहालयात. जुन्या काळचे कामगार राहायचे ती मधोमध चूल असलेली ओंडक्यांची झोपडी तिथे आहे, आणि अ‍ॅलिगेटर म्हणून एक वाफेची बोट आहे जी तळ्यातून ओंडके ओढायची आणि दोर लावून स्वतःला जमिनीवरूनही खेचून न्यायची. जाणकार लोक समोर उभे राहून सांगतात. मिल्टनहून साडेतीन-चार तास, मुक्काम करा.

आणि हो, सगळे जण सप्टेंबरअखेरच्या रंगांसाठी अल्गोन्क्विनला जा म्हणतील. रंग अप्रतिम, वादच नाही. पण त्या शनिवार-रविवारी तिथल्या हायवे ६० वर काय होतं ते कळायला पुणे-लोणावळ्यातला पावसाळी रविवार आठवा. गाडीचा दिवसाचा परवाना पाच दिवस आधी खुला होतो आणि तेव्हाच संपतो. जायचंच तर मंगळवार-बुधवार.

विनिपेगी | १५ फेब्रुवारी

विनिपेगला कुणी येत नाही, माहीत आहे. तरी सांगतो. आमच्या जुन्या वस्त्यांमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एल्म आहेत, वर फांद्यांची कमान होते. १९७५ मध्ये इथे डच एल्म रोग आला. तेव्हापासून ही झाडं वाचवणं हेच आमचं सामुदायिक काम. १ एप्रिल ते ३१ जुलै एल्म छाटायला कायद्याने बंदी, कारण ताज्या जखमेच्या वासावर रोग पसरवणारे भुंगे येतात. एल्मचं सरपण साठवायलाही बंदी. बाबांशी फोनवर बोलायला मला आवडेल, खरंच.

यावरून आठवलं, तुम्ही मुक्कामाला जाल तेव्हा घरून सरपण नेऊ नका. अ‍ॅश झाडं मारणारा हिरवा किडा असाच सरपणातून पसरतो. जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यायचं.

नीलमोहर | १५ फेब्रुवारी

मीही तेच सांगायला आले. बाबा वनखात्यातले, म्हणजे बॅगेत बिया आणणार! माझ्या सासऱ्यांनी मागच्या वर्षी पुरचुंडीत सीताफळाच्या बिया आणि आपट्याची पानं आणली होती. बिया, रोपं, माती हे सगळं विमानतळावर जाहीर करावं लागतं, आणि बहुतेक गोष्टी काढून घेतात. दसऱ्याला सोनं म्हणून आम्ही रेडबडची पानं वाटतो. आपट्याच्याच कुळातलं झाड आहे. पान मात्र अखंड, बदामी, मधे चीर नाही.

हॅलिफॅक्सवाली | १७ फेब्रुवारी

तुमच्या बाबांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरात आहे म्हणून हळहळ वाटतेय. ६ डिसेंबर १९१७ ला हॅलिफॅक्सच्या बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटलं, दोन हजाराच्या आसपास माणसं गेली. बॉस्टनहून लगेच डॉक्टर आणि मदत घेऊन गाडी निघाली. त्याची आठवण म्हणून १९७१ पासून नोव्हा स्कोशिया दरवर्षी बॉस्टनला नाताळचं मोठं झाड पाठवतं. नोव्हेंबरात ते तोडतात तेव्हा शाळेची मुलं, गावकरी, सगळे थंडीत उभे असतात. झाड कुणाच्या तरी परसातलं असतं, आणि आपलं झाड निवडलं गेलं याचा त्या घराला केवढा मान वाटतो. मी दोनदा गेले. ट्रकवर चढवताना फांद्या हळूहळू बांधत आणतात, ते बघताना उगाच पाठवणीची आठवण झाली.

पांथस्थ | १७ फेब्रुवारी

सप्टेंबर राहिलाच. शेवटाकडे देशभर राष्ट्रीय वन सप्ताह असतो. मुळात १९२० च्या दशकात तो वणवे रोखण्याचा सप्ताह म्हणून सुरू झाला, १९६७ मध्ये त्याला वनांचं व्यापक रूप दिलं. त्याच आठवड्यातला बुधवार २०११ पासून राष्ट्रीय वृक्षदिन. आपला वनमहोत्सव जुलैत, इथला सप्टेंबरात, कारण वर लिहिलंच आहे. टोरंटोत लीफ नावाची संस्था गल्लीतल्या झाडांच्या पायी सहली काढते, एक माणूस पुढे चालत प्रत्येक झाडाची कुंडली सांगतो. आई-बाबा दोघांनाही जमेल.

क्विबेककडे गेलात तर मे हा तिथे झाडांचा महिना, गावोगाव रोपं फुकट वाटतात.

कोयनाकाठ | १० मे

धागा वर काढतेय. सगळ्यांचे मनापासून आभार, जमलं तेवढं केलं.

माउंट्सबर्गला आईने रस आटवणाऱ्या मुलीला खुणेनेच सांगितलं की जाळ कमी पडतोय. बाबांनी एका मॅपलवरची जुनी भोकं मोजली, बुजलेली धरून. हाय पार्क हुकलं, लेकीला ताप होता.

काल लागवड झाली. पावणेनऊला पोचलो. तिथल्या तरुण मुलाने दाखवलं की फावड्याने चीर पाडायची, रोप आत सोडायचं, पायाने दाबायचं, पुढे जायचं. बाबांनी ऐकून घेतलं आणि दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणायला घेतला. मी दुभाषी. मुलगा म्हणाला, एवढ्याशा रोपाला एवढा खड्डा नको, माती सैल राहते. बाबा म्हणाले, त्याला विचार इथे मुरूम किती खाली आहे. मुलाला मुरूम म्हणजे काय ते सांगण्यात माझी दहा मिनिटं गेली. शेवटी तह झाला: खड्डा त्या मुलाच्या मापाचा, पण रोपाभोवती पाणी धरायला आळं बाबांच्या पद्धतीचं. बाराच्या सुमाराला पाहिलं तर तो मुलगा दुसऱ्या कुटुंबाला हाताने माती ओढून आळं कसं करायचं ते दाखवत होता.

गोचीड नाही सापडली. २४ तारखेची नावं घातली आहेत, यावेळी आईचंही. ती म्हणते घडीची खुर्ची घ्या, रोपं मी हातात देईन.