‘पूर्ण अंतःकरणाने’ म्हणजे वेळापत्रकाने?

मोहरीदाणा:
बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात 6:5 ला देवावर ‘पूर्ण अंतःकरणाने’ प्रीती कर असं आहे. या शब्दांचा अर्थ आपण भावनेत शोधतो. मूळ हिब्रू ‘लेवाव’ (अंतःकरण) या शब्दामध्ये विचार आणि निर्णयही येतात. म्हणून भक्ती लहरीवर सोडू नये, वेळेला बांधावी, तक्त्यात मांडावी. बायबलच्या 66 पुस्तकांत 1,189 अध्याय आहेत. रोज सव्वातीन वाचले तर वर्षात पवित्र शास्त्र पूर्ण होतं. प्रार्थनेची वेळ ठरलेली हवी. दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, मिळकत हाती येताच बाजूला काढावा, महिनाअखेर उरेल त्यातून नव्हे. ‘मन लागेल तेव्हा’ म्हणणाऱ्याचं मन सहसा लागत नाही.

अर्धी घागर:
लूक 18 मधल्या येशूच्या दाखल्यातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी, हेच करत होता: आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश. घरी नीतिमान ठरून गेला तो मात्र स्वतःला पापी म्हणवणारा जकातदार. आणि यहूदाचा अमस्या राजा? 2 इतिहास 25 म्हणतं, त्याने योग्य ते केलं, पण पूर्ण मनाने नाही. देवाच्या माणसाने भाड्याचं सैन्य परत पाठव म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न, त्या सैन्यासाठी दिलेल्या शंभर किक्कार (जुनं वजन) रुप्याचं काय? आज्ञा पाळली खरी, पण पुढे अदोमाचा पराभव करून त्यांचेच देव घरी आणले. तुमच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे बरोबरची खूणच आली असती.

तिसरा प्रहर:
तक्ता नेमका कुठे मोडतो ते सांगतो. बहुधा लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकात. दहा दिवस चुकले की 33 अध्यायांची थकबाकी, मग ती फेडण्यासाठी डोळे फिरवणं सुरू. थकबाकी सोडून द्यावी, आजच्या तारखेचं वाचावं. स्कॉटलंडचे पाळक मॅकचेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी वाचनक्रम केला: जुना करार वर्षात एकदा, नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा. त्यासोबत धोकेही त्यांनीच लिहिले: नुसता उपचार, स्वतःला नीतिमान समजणं, निष्काळजी वाचन, न पेलणारं जू. म्हणजे क्रम आखणाऱ्यालाच घागरवाल्यांची भीती ठाऊक होती. तरी त्याने क्रम दिलाच.

(दिदाखे या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात तर ढोंगी लोक सोमवारी-गुरुवारी उपास करतात, म्हणून तुम्ही बुधवारी-शुक्रवारी करा, असं आहे. वार बदलून ढोंग जातं का, हा प्रश्न तेव्हाही कुणाला पडला असेलच!)

अर्धी घागर:
मोठ्या शपथा तक्त्याहूनही घातक. प्रेषितांची कृत्ये 5 मध्ये मालमत्ता विकून प्रेषितांकडे पैसे आणणाऱ्या हनन्या-सप्पीरा या नवराबायकोची चूक पैसे मागे ठेवण्यात नव्हती. पेत्र स्पष्ट म्हणतो, विकल्यावरही रक्कम तुझ्याच स्वाधीन होती. थोडं देऊन सगळं दिल्याचा आव आणला, तिथे घात झाला. उपासनेत ‘सर्व काही तुझ्या चरणी’ म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे लागू आहे.

तिसरा प्रहर:
म्हणूनच मुदत घालावी. 40 दिवसांचाच संकल्प करा, एकाच विश्वासू व्यक्तीला सांगा, शेवटी तिच्यासोबत तपासा. संत बेनेडिक्टच्या मठांसाठीच्या नियमावलीत मठात येऊ पाहणाऱ्या उमेदवाराला नियम तीनदा वाचून दाखवतात: दोन महिन्यांनी, पुढे सहा, मग चार. वर्षभर ताडून पाहिल्यावरच नवस. सगळं आयुष्य देणाऱ्यालाही घाई करू देत नाहीत.

अर्धी घागर:
मठात स्वयंपाकाची, आजाऱ्यांची पाळी ठरलेली असते; घरी तसं नसतं. अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ रात्रभर बसणाऱ्याने पहाटेची प्रार्थना कशी गाठायची? मार्क 7 मधलं ‘कुर्बान’ आठवा. आईवडिलांच्या वाट्याचं देवाला अर्पण केलं म्हणायचं आणि हात झटकायचे. तेही दिसायला संपूर्ण समर्पणच होतं.

मोहरीदाणा:
कुर्बानचा मुद्दा बिनतोड. आईची सेवा तक्त्यात प्रार्थनेच्याच रकान्यात धरायला मी तयार आहे. पण मग उद्या ऑफिसचं कामही त्याच रकान्यात येईल, परवा झोप. रेघ कुठे मारायची, तेवढं घागरवाल्यांनी सांगावं.