मार्क फोर अ‍ॅम्बेसेडरच्या मागच्या ब्रेकचे पार्ट स्वस्तात कुठे मिळतील?

मंडळी, मदत हवी आहे. वडिलांची १९८६ची अ‍ॅम्बेसेडर, मार्क फोर, पुन्हा रस्त्यावर आणतोय. पुढे डिस्क बसवून झाल्या, बूस्टरही आहे. प्रश्न मागच्या ड्रमचा. डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर (ड्रममधले ब्रेक शू ढकलणारा) गळतो, तेल लायनरवर उतरलंय आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. ड्रमही घासून ओव्हल झालेत. लेथवाला म्हणतो, आणखी कापले तर पातळ होतील.

मागेही डिस्क करावी असं मनात आहे, पण हँडब्रेकची केबल मागच्या चाकांवरच असल्याने हँडब्रेकच्या लिव्हरवाले कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारे) लागतील आणि तिथेच खिसा रिकामा होतो. नुसते साधे कॅलिपर लावून हँडब्रेक सोडून द्यायचा? घाटात गाडी उभी करणाऱ्याला हे सांगू नका!

तर मुंबईत ऑपेरा हाऊस-कुर्ला किंवा पुण्यात नवे ड्रम आणि व्हील सिलिंडर कोणाकडे मिळतील? जुना बाजारातला माल चालेल, पण सिलिंडर आतून गंजलेला नको. आणि ज्यांनी मागे डिस्क केली, त्यांनी कॅलिपर कोणत्या गाडीचे वापरले? ब्रॅकेट कुठे बनवून घेतलं आणि मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा) टाकला का? साधारण खर्चही सांगा.