मदत हवी आहे – चार वेळा पाणी बदललं तरी रेडिएटरमधून पिवळा गाळ येतोय, कूलंट भरू का थांबू?

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितोय. आमचा एक दहा चाकी ट्रक आहे, वडिलांनी घेतलेला, गेली ३ वर्षं मी बघतो. इथून वाशी मार्केटला हळद, बेदाणा, गूळ असं जातं आणि येताना पनवेल-तळोज्याकडनं जो मिळेल तो माल. जाताना काही त्रास नाही, खंबाटकीला बोगदा आहे नि खंडाळ्याला तर उतारच. पण येताना बोरघाट आणि मग खंबाटकी, दोन्ही भरल्या गाडीनं चढायचे, आणि तिथंच गेल्या महिन्यापासून इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकायला लागलाय. मागच्या ट्रिपला खंबाटकीत निम्म्यावर गाडीनं पाणी फेकलं, कडेला घेऊन दीड तास थांबावं लागलं.

घरी आल्यावर तात्यांशी (आमचे ड्रायव्हर, वडिलांच्या वेळेपासून आहेत) बोललो तेव्हा खरं कळलं. दीड महिन्यापूर्वी रात्री शिरवळच्या पुढं रेडिएटर ठिबकायला लागला होता, तेव्हा त्यांनी दोन मुठी हळद टाकली आणि गळती बंद झाली. मी त्यांना बोललो नाही, रात्री दोन वाजता माल घेऊन एकटा अडकलेला माणूस दुसरं काय करणार, आणि माल वेळेत पोचला हे पण खरं. पण त्यानंतर कूलंट (इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळतात ते औषध) कुणी टाकलंच नाही, ढाब्यावर मिळेल ते बोअरचं पाणी ओतत राहिले.

रविवारी गाडी पूर्ण गार झाल्यावर खालचा कॉक उघडला. पहिलं निघालं ते पाणी नव्हतंच, घट्ट आमटीच. सहा-सात लिटरला कॉक तुंबला, तार घातली तरी सुटेना म्हणून शेवटी खालचा होज काढला. बादलीनं मोजून १९ लिटर निघालं आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ३२, म्हणजे १३ लिटर आतच. इंजिन ब्लॉकचा प्लग हलतच नाही, पाना लावला तर कडा घासायला लागल्या म्हणून सोडून दिला. मग साधं पाणी भरून वीस मिनिटं गाडी चालू ठेवून परत काढलं, असं अजून तीनदा केलं. चौथ्या बादलीच्या तळाला पण पिवळा गाळ आहे आणि त्यात पांढऱ्या खपल्या, बोटांत चोळलं तर रांगोळीसारखं करकरतं. अजून एक, झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली की वर बारीक बुडबुडे येत राहतात, थांबत नाहीत. गॅरेजवाला म्हणतो हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवा. तो खर्च आत्ता झेपणारा नाही आणि हप्ता तोंडावर आलाय, म्हणून विचारतो की किती वेळा फ्लश करायचं असतं, केमिकल टाकू का, आणि हेडचं ऐकू का आधी दुसरं काही बघू? परवा भरायला बोलावलंय पण अशी गाडी घाटात घालायची माझी हिंमत नाही.

प्रतिसाद

दादा, परवाचं भाडं सोडा, फोन करून सांगून टाका. भाडी मिळतील, इंजिन सीज (जाम) झालं तर मिळायचं नाही.

२२ वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो. साधं पाणी घालून काढून तुमची हळद निघणार नाही, कारण ती आता बोअरच्या क्षारात बसून नळ्यांच्या आत थर झालीय. आणि समजा निघाली, तर गळती परत चालू होणार. ज्या भोकात हळद बसलीय ते भोक तिथंच आहे की. त्यामुळं रेडिएटर खाली उतरवा आणि रेडिएटरवाल्याकडं हौदात बुडवून हवेनं चेक करून घ्या. हे केल्याशिवाय कूलंटचा एक कॅन पण विकत घेऊ नका, सगळं रस्त्यावर सांडेल.

रेडिएटर उतरवाल तेव्हा त्याच्या आणि इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) मधल्या फटीत बघा. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मधे धूळ, किडे, पाचट यांची गादी बसलेली असते. निम्म्या गाड्या त्यानंच गरम होतात. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारायचं, समोरून मारलं तर घाण अजून आत जाते, आणि वॉशिंगचं प्रेशर जवळून मारू नका, जाळीची पाती झोपतात.

ब्लॉकचा प्लग सोडून चालणार नाही. गाळ सगळ्यात जास्त तिथंच खाली लायनरभोवती (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) बसतो. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी इंजिन थोडं कोमट करा आणि बरोब्बर मापाचा सॉकेट लावा, ॲडजस्टेबल पाना नको. मग थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह) काढून ठेवून उलटं फ्लश करा, म्हणजे पाणी नेहमी जिकडून जातं त्याच्या उलट दिशेनं, नळाच्या दाबानं. केबिनला हीटर असेल तर त्याचा वॉल्व्ह उघडा ठेवा नाहीतर तिथलं जुनं पाणी तसंच राहील. थर्मोस्टॅट परत बसवायचा बरं का. काही लोक काढूनच टाकतात गाडी गरम होते म्हणून, ते चूक आहे. तो साधारण ८० डिग्रीच्या पुढं उघडतो. घरी पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकून बघा, उघडला नाही तर तुमचा अर्धा आजार तोच.

केमिकल वापरायचं तर सायट्रिकवालं रेडिएटर फ्लश मिळतं ते, डब्यावर लिहिलंय तेवढंच. कॉस्टिक सोडा कुणी सांगितला तर अजिबात नको, ॲल्युमिनियम खातो तो.

प्रतिसाद

बुडबुड्यांबद्दल एक सांगायचंय. हेड उतरवायच्या आधी ब्रेकचा एअर कंप्रेसर बघा. त्याच्या हेडला पण इंजिनचंच पाणी फिरतं आणि त्याचं पॅकिंग गेलं की हवा सरळ कूलंटमध्ये येते. आमच्या एका गाडीचं यातच हेड उतरवलं गेलं होतं, हेड पॅकिंग चांगलं निघालं आणि मजुरी वाया गेली.

चेक करणं सोपं आहे. गाडी गार असताना झाकण काढून चालू करा आणि हवेच्या टाक्या भरू द्या. हवा पूर्ण भरून फुस्स आवाज आला की कंप्रेसर लोड सोडतो, म्हणजे हवा भरणं थांबवतो. त्यावेळी बुडबुडे बंद झाले किंवा एकदम कमी झाले तर दोष कंप्रेसरचा. मग ब्रेक दाबून दाबून हवा उतरवा, कंप्रेसर परत भरायला लागला की बुडबुडे पण परत यायला पाहिजेत. हवा भरलेली असताना पण सारखेच येत राहिले तर मग हेड पॅकिंग नाहीतर लायनर. गरम गाडीचं झाकण मात्र कुणीही उघडू नका. आत दाब असतो म्हणून पाणी १०० च्या वर जाऊनसुद्धा उकळत नाही, आणि झाकण सुटलं की सगळं एकदम वाफ होऊन अंगावर येतं. आमच्या क्लीनरचा हात भाजला होता, महिनाभर काम करता आलं नाही त्याला.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. भाडं सोडलं. सकाळी तात्या आणि मी दोघांनी बुडबुड्याचं बघितलं. फुस्स झालं आणि दहा सेकंदात पाणी शांत. तात्यांनी पाच-सहा वेळा ब्रेक दाबला, परत चालू. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तसंच. आज संध्याकाळी कंप्रेसरचं हेड खोललं तर पॅकिंग एका बाजूनं जळून काळं पडलंय. हेडचा खर्च वाचला, हे मी विसरणार नाही.

आता कूलंटचं सांगा. दुकानात हिरवं, गुलाबी, केशरी तिन्ही आहेत आणि प्रत्येकजण वेगळं सांगतोय.

प्रतिसाद

रंगावर जाऊ नका, रंग कंपनी आपल्या मनानं टाकते. पुस्तकात जो ग्रेड दिलाय तो डब्यावर शोधा आणि डिझेल हेवी ड्युटीचंच घ्या, कारचं नको. मोठ्या इंजिनमध्ये लायनरच्या बाहेरून थेट पाणी असतं, लायनर थरथरतो तेव्हा त्याच्या अंगावर बारीक फुगे फुटत राहतात आणि हळूहळू सुईनं टोचल्यासारखी भोकं पडतात. ते थांबवायचं औषध हेवी ड्युटी कूलंटमध्ये असतं, म्हणून नुसत्या पाण्यावर फिरवलेली गाडी काटा वर गेला नाही तरी आतून खराब होत असते. दोन जातीचं कूलंट एकत्र करू नका, जेलीसारखं होऊन बसतं.

पाणी बोअरचं नकोच, बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. प्रमाण निम्मं-निम्मं. आणि ज्यांचा ब्लॉकचा प्लग निघतच नाही त्यांच्यासाठी, शेवटचं धुणं डिस्टिल्डनं करा. आत ते १३ लिटर राहिलं तर आधी १६ लिटर कूलंट टाका आणि मग वरून ३ लिटर पाणी, ३२ ला निम्मं बरोबर बसतं. सरळ मिक्स करून ओतलं तर पातळ होतं. भरताना सावकाश भरा, एअर लॉक सोडायचा नट असेल तर उघडा ठेवा, भरून झाल्यावर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा आणि गार झाल्यावर लेव्हल परत बघा. काढलेलं जुनं पाणी गटारात किंवा गोठ्याजवळ ओतू नका. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-गुरं पितात आणि मरतात.

धागाकर्ता

अपडेट देतो. रेडिएटर हौदात बुडवला, डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात नळी जिथं पट्टीला मिळते तिथून बुडबुडे आले. टाकी खोलल्यावर खालच्या नळ्या निम्म्याअधिक पिवळ्या मातीनं बंद. कोअर (रेडिएटरचा नळ्या-जाळीचा भाग) ॲल्युमिनियमचा आहे, दुकानदार स्वतःच म्हणाला की चिकटवून देतो पण घाटात भरवसा नाही. वडिलांना विचारून नवीन कोअर घेतला. ब्लॉकचा प्लग दोन रात्री तेल मारल्यावर निघाला आणि पाठोपाठ चहाच्या कपभर तरी घट्ट चिखल पडला. प्लग काढून ठेवूनच उलटं फ्लश केलं, सहाव्या वेळेला पाणी काचेच्या ग्लासात धरलं तर पलीकडचं दिसलं. तात्या तो ग्लास हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, इथून पुढं केबिनमध्ये कूलंटचा एक कॅन कायम राहील.

थर्मोस्टॅट पातेल्यात टाकला होता, व्यवस्थित उघडतोय. इंटरकूलरच्या मागं सांगितल्याप्रमाणं गादी होतीच, ती पण धुतली. उद्या सकाळी १६ कूलंट आणि १६ डिस्टिल्ड भरतोय, आता आत काही शिल्लक नाही म्हणून सरळ निम्मं-निम्मं. गुरुवारी वाशी.

एकच राहिलं, पहिल्या ट्रिपनंतर लेव्हल थोडी उतरेल असं सगळे म्हणतायत, पण थोडी म्हणजे किती? एखाद लिटर उतरली तर हवा निघाली असं समजून टॉप अप करू का परत गळती शोधायला लागू? शुक्रवारी रात्री येताना तात्या खंबाटकीच्या पायथ्याला गाडी गार करून बघणार आहेत, त्याआधी कुणी सांगितलं तर त्यांना फोन करून कळवतो.