मदत हवी आहे: २,४०० छापलेलं इंजेक्शन घाऊकात साडेचारशेला! तक्रार कुठे करू?

ठाणेकर_८१: बाबा आयसीयूत, सहावा दिवस. एका इंजेक्शनवर २,४०० छापलेत. मामेभाऊ स्टॉकिस्टकडे कामाला आहे, म्हणतो त्यांना साडेचारशेला पडतं. सरकारचं किमतींवर नियंत्रण असतं ना? लवकर सांगा.

चौकस_काकू: कुठलं इंजेक्शन ते तरी लिही बाळा. दिवसाला किती?

ठाणेकर_८१: अँटिबायोटिक. तीन. मेरोपेनेम.

गोळीवाला: माझं मेडिकल आहे, म्हणून विचारतो. नुसतं मेरोपेनेम सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याला एनपीपीएची (औषधांचे भाव ठरवणारी केंद्राची संस्था) कमाल किंमत आहे. २,४०० शक्यच नाही. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा.

जेनेरिकप्रेमी: जनऔषधीत जा. माझी बीपीची गोळी चौथाईत मिळते.

चौकस_काकू: अहो, माणूस आयसीयूत आहे, तुमची बीपीची गोळी काय मधेच!

ठाणेकर_८१: खाली "सल्बॅक्टम" पण लिहिलंय. त्याने काय फरक पडतो?

गोळीवाला: सगळी मेख तिथेच आहे! मेरोपेनेमला सल्बॅक्टम हे दुसरं औषध जोडलं की ते मिश्रण यादीबाहेर. मग कमाल किंमत नाही, फक्त वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. मोठी हॉस्पिटलं असलीच औषधं घेतात, कारण जितकं जास्त छापलेलं तितकं मार्जिन. एनपीपीएनेच २०१८ मध्ये दिल्लीकडच्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा १,७३७ टक्क्यांपर्यंत मार्जिन निघालं.

स्पष्टवक्ता: केमिस्टच मार्जिनवर बोलणार! २०१७ ला स्टेंट २९,६०० वर आणले तसं सगळंच बांधा की.

गोळीवाला: २०१४ ला मधुमेह-हृदयविकाराच्या १०८ औषधांचे भाव बांधले होते. कंपन्या कोर्टात गेल्या आणि सप्टेंबरमध्ये केंद्राच्या सांगण्यावरून एनपीपीएला त्यामागची मार्गदर्शक तत्त्वंच मागे घ्यावी लागली. बोला आता.

जर्सीकर: इथे अमेरिकेतही तेच. २००३ च्या कायद्याने मेडिकेअरला (ज्येष्ठांचा सरकारी विमा) कंपन्यांशी भाव पाडायलाच बंदी होती. आता कुठे २०२३ पासून मेडिकेअरवाल्यांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरवर...

स्पष्टवक्ता: अमेरिकेला वेगळा धागा काढा हो.

ठाणेकर_८१: म्हणजे तक्रार करूच नको?

गोळीवाला: छापील किमतीपेक्षा एक रुपया जरी जास्त लावला असेल तर एफडीएकडे (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) जा. नाहीतर डॉक्टरांना सरळ विचारा, नुसतं मेरोपेनेम चालेल का? स्वतः बदलू नका, जंतू कुठला आहे त्यावर असतं ते. आणि बाहेरून आणू देतात का विचारा. मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तो विषय राज्यांवर सोडलाय.

चौकस_काकू: कॅशलेस आहे ना पण?

ठाणेकर_८१: होतं. लिमिट काल संपलं.

चौकस_काकू: अरे, हे आधी सांगायचं ना! मग आजच डॉक्टरांना गाठ.

ठाणेकर_८१: राउंड सातला आहे. दुपारचा डोस आत्ताच लावला, बिलात चढलाही.